उसन्या तळटीपा

पदव्युत्तर वर्गाचा प्रकल्प असो वा पीएच.डी.चा प्रबंध, आम्ही तो शेवटाकडून वाचायला घेतो. अभ्यासकाला काय करायचे होते ते प्रस्तावनेत असते; त्याने प्रत्यक्षात काय केले याचा थोडाफार अदमास संदर्भसूचीवरून येतो. ‘आम्ही’ म्हणजे एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवणारे दोन सहकारी. विभागात पूर्णवेळ माणसे आम्ही दोघेच. त्यामुळे विभागातले सारे लेखन दोघांच्याही नजरेखालून जाते आणि त्यावरचे वादही आपसांतच होतात. त्यांतला एक वाद अजून मिटलेला नाही, त्याकडे येतोच.

आधी या सूच्यांविषयी. ऐंशी-पंच्याऐंशी ग्रंथांची सूची ही आता रूढ गोष्ट झाली आहे. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्यांपैकी वीसही ग्रंथ नसतात. विद्यार्थी पुण्या-मुंबईस गेलेला नाही हेही आम्हांला ठाऊक असते, कारण शेतीची कामे किंवा दुकानातली नोकरी सांभाळून तो वर्गात येतो. मग उरलेले साठ ग्रंथ आले कोठून? अर्थात दुसऱ्या कोणाच्या तरी सूचीतून. आणि ते येतात ते मुद्रणदोषासकट येतात. एका ग्रंथकर्त्याच्या नावातील आद्याक्षरांची उलटापालट आम्ही निरनिराळ्या वर्षांच्या चार प्रकल्पांत पाहिली आहे. जुन्या काव्याची पाठचिकित्सा करणारे संपादक हस्तलिखितांची वंशावळ समान अपपाठांवरून लावतात. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक आढळली, तर एकीवरून दुसरी उतरवली असावी किंवा दोहोंचा पूर्वज एक असावा, असे अनुमान निघते. अ. का. प्रियोळकरांनी रघुनाथपंडितांच्या ‘दमयंतीस्वयंवरा’चे संपादन केले तेव्हा पोथ्यांच्या अशाच तौलनिक अभ्यासाची वाट मराठीत रुळू लागली होती. तीच पद्धत आम्ही संदर्भसूच्यांना लावून पाहतो. करमणूक होते, आणि पूर्वज बहुधा सापडतो.

करमणुकीचे आणखीही प्रकार आहेत. एका सूचीत ‘तत्रैव’ हा ग्रंथ म्हणून नोंदलेला होता. परदेशी संदर्भपद्धतीचा साचा आहे तसा उचलल्यामुळे आडनाव आधी आणि नाव नंतर हा नियम संतांनाही लागू झाला आणि ‘महाराज, तुकाराम’ अशी नोंद अवतरली. यावर हसून सोडून द्यावे. स्वल्पविराम कोठे द्यावा, प्रकाशनवर्ष कंसात घालावे की नाही, याचे शिक्षण मात्र विद्यार्थ्यांना भरपूर मिळते. संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात त्याला स्वतंत्र घटक असतो, त्यावर गुण असतात. ज्या पुस्तकाची ही नोंद, ते पुस्तक तू हातात धरले होतेस काय, या प्रश्नाला कोठे गुण आहेत?

प्रश्न साधा दिसतो, पण त्याची उपेक्षा किती दूरवर जाते याचे एक उदाहरण मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचे आहे. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेली, ही मूर्ती चावुंडराजाने करविली असे सांगणारी ओळ मराठीतील आद्य शिलालेख म्हणून आपण सर्वांनी पाठ केली. शके ९०५, म्हणजे इ.स. ९८३, हा आकडाही तिच्यासोबत पाठ झाला. परंतु तेथे ओळी दोन आहेत. दुसरी ओळ गंगराजाने भोवतालचे आवार करविल्याचे सांगते, आणि हा गंगराज होयसळ राजा विष्णुवर्धनाच्या काळातला, म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभीचा. दोन्ही ओळींच्या अक्षरांचे वळण एकच दिसते. तेव्हा त्या एकाच वेळी, सुमारे इ.स. १११६-१७ मध्ये, कोरल्या गेल्या असाव्यात असा तर्क अभ्यासकांनी मांडला. मूर्ती दहाव्या शतकातली म्हणून तिच्याविषयीचे वाक्यही दहाव्या शतकातले ठरत नाही. शं. गो. तुळपुळे यांनी आद्यत्वाचा मान अलिबागजवळच्या आक्षी येथील शके ९३४ च्या लेखाला दिला. त्या शकाच्या वाचनाबद्दलही मतभेद आहेत, आणि सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग कुडल येथील शके ९४० च्या लेखाचा दावा आता पुढे आहे. म्हणजे वाद जिवंत आहे, आणि तो वर्गात शिकवण्याजोगा आहे.

आता आमच्याकडे आलेल्या एका प्रकल्पातील वाक्य असे होते: मराठीतील पहिला शिलालेख श्रवणबेळगोळचा, शके ९०५. आणि त्याखाली तळटीप होती तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या १९६३ च्या ग्रंथाची! ज्यांनी आक्षीचा लेख पहिला ठरवला, त्यांनाच श्रवणबेळगोळच्या बाजूने साक्षीला उभे केले होते. मुलगा लबाड नव्हता. एका परीक्षोपयोगी पुस्तकात ते वाक्य होते आणि प्रकरणाच्या अखेरीस अधिक वाचनासाठी तुळपुळे यांचे नाव होते. त्याने दोन्ही एकत्र जोडले. वाक्याला तळटीप हवी असे त्याला आम्हीच शिकवले होते आणि तळटीप त्याने दिली.

अशी उसनवारी पकडणारे यंत्र नाही. वाङ्मयचौर्याविषयीचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २०१८ मध्ये आले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. पुढे दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठाच्या वर अशा पायऱ्या. सलग चौदा शब्दांपर्यंतचे सामान्य साम्य मोजणीतून वगळायचे. हे सर्व आवश्यक होते, आमची त्याबद्दल तक्रार नाही. परंतु साम्य शोधणारे यंत्र आपल्या साठ्यात असलेल्या मजकुराशीच तुलना करते. एखाद्या जुन्या, संगणकावर कधीच न चढलेल्या मराठी ग्रंथातून पानेच्या पाने उतरवली, तर अहवालात शून्य येऊ शकते. आणि न पाहिलेल्या ग्रंथाची तळटीप तर कितीही उचला, ती टक्केवारीत धरलीच जात नाही. उलट तळटिपा जितक्या अधिक तितका प्रबंध अधिक विद्वत्तापूर्ण दिसतो.

गेल्या दोन-तीन वर्षांत यात एक नवी भर पडली आहे. संगणकाला प्रश्न विचारावा आणि त्याने संदर्भसूची तयार करून द्यावी, अशी सोय झाली. या सूचीत ग्रंथकार खरा असतो, प्रकाशनसंस्था खरी असते, सालही पटण्यासारखे असते; फक्त तो ग्रंथ त्या ग्रंथकाराने लिहिलेला नसतो. पूर्वीची उसनी तळटीप निदान कोठेतरी असलेल्या पुस्तकाकडे बोट दाखवीत असे. तरीही आम्हांला या नव्या प्रकाराचे फारसे आश्चर्य वाटले नाही. पुस्तक न पाहता त्याचे नाव लिहिण्यास ज्याची हरकत नाही, त्याला ते पुस्तक अस्तित्वात आहे की नाही याने काय फरक पडणार?

विद्यार्थ्यांकडे साधने नाहीत, ही सबब आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही, हेही सांगायला हवे. मोल्सवर्थचा कोश, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. मराठी विश्वकोश खुला आहे. देशभरातील प्रबंध ‘शोधगंगे’त आहेत. जुन्या ग्रंथांच्या छायाप्रती ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर मिळतात, जरी पुष्कळदा त्यांचे मुखपृष्ठ हरवलेले असते आणि कोणती आवृत्ती ते कळत नाही. ज्ञानेश्वरीची ओवी अशा ठिकाणाहून घेतली, तर ती राजवाडे यांनी १९०९ मध्ये छापलेल्या पाठातली, १९६० च्या शासकीय प्रतीतली, की आणखी कोणत्या प्रतीतली, हे सांगावेच लागेल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये निरनिराळ्या प्रती पाहून पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. प्रत न सांगता ओवी देणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही ही ताकीद ऐकवतो. तो हसतो, पण प्रत लिहितो.

तथापि सर्व काही पडद्यावर येत नाही. एकोणिसाव्या शतकातील नियतकालिकांच्या बाबतीत तर फारच थोडे येते. ज्या वादाचा उल्लेख आरंभी केला, तो येथूनच सुरू झाला.

आमची एक विद्यार्थिनी एकोणिसाव्या शतकातील स्त्रियांच्या गद्यलेखनावर पीएच.डी. करीत होती. आम्हा दोघांपैकी एकीच्या मार्गदर्शनाखाली तिची नोंदणी होती. वय अडतीस, दोन मुले, शेजारच्या तालुक्यातल्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अध्यापन. तास घेतला तर मानधन, न घेतला तर नाही. तिच्या प्रबंधात मुक्ता साळवे यांच्या निबंधाला मध्यवर्ती स्थान होते. फुले यांच्या शाळेतील या मांग समाजातील विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’त १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत छापला गेला. आज तो अनेक संकलनांत आहे, अभ्यासक्रमांत आहे, भाषणांत तर आहेच. आमच्या विद्यार्थिनीला तो मूळ अंकात पाहायचा होता. कारण विचारले, तर तिचे म्हणणे असे की, दोन संकलनांत तिला काही शब्दांची रूपे वेगळी आढळली होती आणि परिच्छेद निरनिराळ्या ठिकाणी तोडलेले होते. शिवाय त्या पानावर निबंधाच्या आधी काय छापले आहे आणि नंतर काय, संपादकाने त्याला काही टीप जोडली आहे काय, हे तिला जाणून घ्यायचे होते. संकलनकार निबंध घेतो, पान घेत नाही.

ती दोन दिवसांचे तास बुडवून मोठ्या शहरातल्या एका ग्रंथालयात गेली. फाईल जीर्ण झाल्यामुळे वाचकांस दिली जात नाही, असे उत्तर मिळाले. ते खोटे नसावे. त्या काळचा कागद हाताळताना पापडासारखा मोडतो, हे आम्ही अन्यत्र पाहिले आहे. दुसऱ्या ठिकाणी तिच्या हव्या त्या वर्षाचा खंडच नव्हता. परत आल्यावर तिने प्रबंधात त्या निबंधाच्या प्रत्येक अवतरणाखाली लिहिले: ‘ज्ञानोदय’, १८५५, अमुक संकलनातून उद्धृत. केवळ याच नव्हे, जेथे जेथे मूळ साधन पाहायला मिळाले नाही तेथे तेथे ‘उद्धृत’ हा शब्द आला. असे संदर्भ साठांहून अधिक झाले.

प्रबंध सादर करण्यापूर्वीच्या सादरीकरणात समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी नेमके यावर बोट ठेवले. इतके दुय्यम संदर्भ दिसले तर परीक्षकांचे मत वाईट होईल. ‘उद्धृत’ काढून सरळ ‘ज्ञानोदय’ लिहा, अंकाची तारीख तुमच्याजवळ आहेच. सूचना प्रेमाने केलेली होती. त्यांच्या डोळ्यांसमोर असे कितीतरी प्रबंध गेले असतील आणि त्यांत असेच केलेले असेल. बाहेर आल्यावर तिने आम्हांला विचारले, “मॅडम, मी न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहू का?”

आम्हा दोघांत जे मतभेद झाले ते त्या संध्याकाळी आणि पुढे कित्येक दिवस. एकाचे मत असे होते की, तिने ती सूचना पाळावी. तारीख खरी आहे, मजकूर खरा आहे, निबंध ‘ज्ञानोदया’त आला होता याविषयी कोणालाही शंका नाही. मग वाचकाची फसवणूक कोणती? पदवी हातात आली तर कायम नेमणुकीसाठी अर्ज करता येईल. आठ वर्षे तासिकांवर काढलेल्या बाईला एका शब्दासाठी अडवून धरण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आपण दोघे कायम नोकरीत आहोत, आपल्या तत्त्वाचे मोल ती देणार. हा युक्तिवाद हलका नाही. तो लिहिताना आजही आम्हांला त्याचे वजन जाणवते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, तळटीप ही त्या मजकुराच्या सत्यतेची हमी असण्यापूर्वी अभ्यासकाने स्वतः काय पाहिले याची कबुली असते. ती ‘ज्ञानोदय’ असे लिहील तर पुढचा संशोधक समजेल की, १८५५ चा तो अंक अमुक साली कोणीतरी पाहिला आहे, दोन संकलनांतील पाठभेद त्याच्याशी ताडून पाहिला आहे. तेव्हा आपल्याला जाण्याचे कारण नाही. म्हणजे तिच्या ‘उद्धृत’ या शब्दाने जी वाट मोकळी राहते ती बंद होईल. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये निघाले आणि विस्मरणात गेले, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापले तेव्हा मराठी वाचकाच्या हाती आले. कोणीतरी जुनी प्रत शोधायला निघाले म्हणूनच ते घडले. सर्वांनी एकमेकांच्या तळटिपा उतरवून समाधान मानले असते तर?

यावर पहिल्याचे उत्तर ठरलेले होते: मालशे यांना तासिकेवर मानधन मिळत नव्हते.

निर्णय अखेर तिनेच घेतला. तिने ‘उद्धृत’ काढला नाही. प्रस्तावनेत दीड पानाचा एक परिच्छेद मात्र वाढवला. कोणती साधने स्वतः हाताळली, कोणती छायाप्रतीच्या रूपात पाहिली, कोणती केवळ इतरांच्या ग्रंथांतून घेतली. कोणत्या ग्रंथालयांत कोणत्या महिन्यांत गेली आणि काय उत्तर मिळाले. संकलनांतील पाठभेद कोणते, आणि त्यांपैकी योग्य कोणता हे मूळ अंक पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, हे सर्व त्यात तिने कोरडेपणाने लिहिले. आमच्या मते तो परिच्छेद संपूर्ण प्रबंधातील सर्वांत चांगला आहे. परीक्षकांपैकी एकाने अहवालात ‘मूळ साधनांचा अपुरा वापर’ असा शेरा मारला. दुसऱ्याने त्या परिच्छेदाविषयी काहीच लिहिले नाही. पदवी मिळाली. ती अजून तासिका तत्त्वावरच शिकवते; शेऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही, जागाच निघालेल्या नाहीत. पण तो शेरा तिला लागला. मौखिक परीक्षेनंतर चहा घेताना ती म्हणाली की, ज्यांनी ‘ज्ञानोदय’ लिहून टाकले असते त्यांना हा शेरा आला नसता. यावर आम्हा दोघांनाही काही बोलता आले नाही.

परीक्षकालाही आम्ही सर्वस्वी दोष देत नाही. त्याच्यापुढे दुसऱ्या एखाद्या उमेदवाराचा प्रबंध असेल, ज्यात पन्नास मूळ नियतकालिकांचे निर्देश आहेत. त्यांतले किती खरोखर पाहिलेले, हे त्याला कसे कळावे? शंका घेतली तर वैयक्तिक आरोप ठरतो. जो खरे सांगतो त्याचेच उणे तेवढे दिसते, अशी ही व्यवस्था आहे, आणि नियमांनी ती बदलेल असे आम्हांस वाटत नाही. नियतकालिकांच्या यादीचे काय झाले ते आपण पाहिलेच. आयोगाची ‘केअर’ यादी २०१९ मध्ये आली, तिच्यात नाव आहे की नाही यावरून लेखाचे मोल ठरू लागले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादी बंदही झाली. त्या सहा वर्षांत लेख कोठे छापला हे विचारणारे पुष्कळ भेटले; लेखासाठी काय पाहिलेस हे विचारणारे फारसे भेटले नाहीत.

आमच्या विभागापुरता आम्ही एक बदल केला आहे. कल्पना तिच्या त्या परिच्छेदावरूनच घेतलेली. पदव्युत्तर प्रकल्पाच्या सूचीत प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर लिहायचे: ग्रंथ स्वतः पाहिला असेल तर ‘पा’, छायाप्रत पाहिली असेल तर ‘छा’, दुसऱ्याच्या ग्रंथातून घेतला असेल तर ‘उ’. ‘उ’ लिहिल्याने गुण कमी होत नाहीत, हे पहिल्याच तासाला सांगून टाकतो. तरी पहिल्या वर्षी मुलांना विश्वास बसला नाही. सगळीकडे ‘पा’ आले. मग एकेकाला बोलावून, त्या ग्रंथाचा आकार केवढा, बांधणी कशी, अर्पणपत्रिका कोणाला, असे गप्पांच्या ओघात विचारू लागलो. हे थोडे पोलिसी वाटते, हे मान्य. दुसऱ्या वर्षी सूच्या लहान झाल्या.

यंदाच्या एका प्रकल्पाची सूची तेवीस नोंदींची आहे. अकरांपुढे ‘पा’, पाचांपुढे ‘छा’, सहांपुढे ‘उ’. उरलेल्या एका नोंदीपुढे शिसपेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेले आहे. ते १९३० च्या सुमाराचे म्हणून सांगितले जाणारे एक छोटे पुस्तक आहे. मुलाला विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, तीन लेखकांनी याचा संदर्भ दिलाय, पण तिघांची सालं वेगळी आहेत. शंकर गणेश दात्यांच्या ग्रंथसूचीत पाहिलं, त्यात नाही. पुस्तक आहे की नाही तेच कळत नाही.” दात्यांच्या सूचीचा पहिला खंड १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांचा, त्यात नसणे ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे, पण निर्णायक नाही. ठाण्याच्या आणि मुंबईच्या मराठी ग्रंथसंग्रहालयांत विचारायचे राहिले आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो आणि आम्हा दोघांपैकी एकजण जाणार आहोत.